कुठल्या ओळीवर?

प्रिय मुली,

गणित सोडून एसपी घेऊ का, असं विचारलंस. (एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, हे कळायला मला जरा वेळ लागला, आमच्या सदाशिव पेठेत एसपी म्हणजे कॉलेज.) तो विषय आवडत असेल तर खुशाल घे. पण "गणित माझ्या डोक्यातच शिरत नाही" हे कारण मी ऐकून घेणार नाही. कुठल्या ओळीवर अडलं ते सांग.

तू पाठवलेला वहीचा फोटो मोठा करून पाहिला. ५ − २(क्ष − ३) = १. त्याखाली तू लिहिलंयस ५ − २क्ष − ६ = १. उत्तर आलं −१, पुस्तकात मागे ५, आणि तू अख्ख्या पानावर काट मारलीस! अगं, वजा दोन गुणिले वजा तीन म्हणजे अधिक सहा. दुसऱ्या ओळीत एक चिन्ह चुकलं, बस. पुढची आकडेमोड बिनचूक आहे. ताळा केला असतास, क्षच्या जागी −१ घातला असतास, तर डावीकडे १३ आले असते आणि ती ओळ तुझी तुलाच सापडली असती.

पेपर हातात आला की काही सुचत नाही म्हणतेस. नाहीच सुचणार. काळजी करायला आणि हातचा लक्षात ठेवायला मेंदूत जागा तीच, तीही तुटपुंजी. काळजीने ती अडवली की पाठ असलेलंही आठवत नाही. म्हणून एकेक पायरी कागदावर उतरव. तोंडी करण्याचा शहाणपणा नको. आणि अप्पा बळवंत चौकातून आणखी एक गाईडही आणू नकोस, आहे तेच कोरं आहे.

शॉर्टकट माझ्याकडेही मागायचे. मी दिले नाहीत. "सर, पोर्शन कधी संपणार?" म्हणत बरीच मुलं दुसऱ्या क्लासला गेली. दोघातिघांची हळहळ अजून वाटते, हुशार होती. पण फळ्याशी येऊन अडलेली ओळ दाखवल्याशिवाय मी पुढे सरकत नसे, आजही सरकणार नाही. एका पोराची ओळ शोधण्यात तास गेला तर तो फुकट गेला असं पालकांना वाटायचं. मला नाही वाटलं. त्याला मी काय करू?

आता एक काम. द. रा. कापरेकर फर्ग्युसनमध्ये शिकलेले, देवळालीला शाळामास्तर, आकड्यांशी खेळत बसायचे. त्यांचाच खेळ आहे. तुझं जन्मसाल घे, २००८. अंक उतरत्या क्रमाने मांड, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा कर: ८२०० − ००२८ = ८१७२. उत्तराचं पुन्हा तेच कर. ६१७४ आलं की थांब, पुढे तेच येत राहतं. सहाव्या वजाबाकीला यायला हवं. जास्त लागल्या तर कुठेतरी हातचा राहिलाय. तो शोध आणि मग माझ्याकडे ये.

तुझे सर