घरातलं माणूस हरवलं तर वस्तीने शोध कसा घ्यावा? नागपुरातला आमचा अनुभव

तुमचा प्रश्न वाचला. शेजारचे आजोबा काल सकाळपासून घरी आलेले नाहीत, अलीकडे त्यांचं विसरणं वाढलंय, वस्तीतली तीस-चाळीस माणसं शोधायला तयार आहेत पण कोणी कुठं जायचं ते ठरत नाही, आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरवून खरंच काही होतं का, असं तुम्ही विचारलंय.

होतं. माझे सासरे असेच सापडले. पण आधी तातडीचं सांगते, बाकीचं सवडीने वाचा.

पोलिसांत हरवल्याची नोंद झाली नसेल तर आत्ता जा. चोवीस तास थांबायला हवं असा कोणताही नियम नाही. आम्हालाही एका ठाण्यात 'थांबा, येतील' असंच ऐकवलं आणि आम्ही मुकाट्याने घरी परतलो. ते वाया गेलेले तीन तास मला अजून टोचतात. कोणी ऐकत नसेल तर तिथूनच ११२ लावा. एकाला मेडिकलला आणि एकाला मेयोला, म्हणजे इथल्या दोन्ही मोठ्या सरकारी दवाखान्यांत, पाठवा. तिथे नाव सांगून चौकशी करू नका, 'अनोळखी म्हणून कोणी दाखल झालंय का' असं विचारा. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याची नोंद नावाने सापडणार कशी? दोघं जण रेल्वे स्टेशनवर जाऊ द्या. नागपूरहून चारही दिशांना गाड्या सुटतात, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नका. अजनी आणि इतवारी स्टेशनही बघा. रेल्वेची मदत १३९ वर मिळते. आणि घराला कुलूप लावू नका, ओळखीचं एक माणूस दारात बसलेलंच पाहिजे.

आता आमचं सांगते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही मिल, आता गांधीसागर तलावाजवळच्या त्या जागेवर मॉल उभा आहे. आमचं जुनं घर बेझनबागेत होतं, मिल गेल्यावर आम्ही मानेवाड्याकडे आलो. बाबा हरवले ते मे महिन्याच्या शेवटी, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, चालू असताना. पहाटे पाचला आईंना जाग आली तेव्हा दाराची कडी काढलेली होती.

सगळ्यांच्या तोंडी एकच, मिलकडे गेले असतील. वस्तीतली वीस पोरं गाड्या घेऊन तिकडेच धावली. मॉलच्या भोवती, तलावाच्या काठी, गणेशपेठच्या बसस्टँडवर, सगळीकडे पाहिलं. काही नाही. दुपारी डांबर वितळत होतं आणि मला सारखं त्यांच्या पायातली पातळ रबरी चप्पल दिसत होती.

मेसेज आम्ही सकाळीच टाकला होता. पुतण्याच्या लग्नातला फोटो, डोक्याला फेटा, अंगात कोट. खाली लिहिलं होतं, 'आमचे लाडके बाबा, एम्प्रेस मिलचे निवृत्त कामगार, अत्यंत प्रेमळ स्वभाव.' तो मेसेज शेकडो ग्रुपवर गेला असेल. दिवसभरात कामाचा एक फोन आला नाही. नुसते हात जोडलेले येत होते.

रात्री आई कूलरमध्ये पाणी भरायला उठल्या आणि म्हणाल्या, "निळी कॅन कुठं गेली?" पाच लिटरची कॅन. एके काळी ती मातीतेलाची, म्हणजे रॉकेलची होती, आता तिने कूलर भरतो. घरभर शोधली, नाही. आई मटकन खाली बसल्या. "कंट्रोलवर गेले ते. रांग लावायला." कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, मातीतेल तिथेच मिळायचं.

मग आम्ही मेसेज नव्याने लिहिला. फोटो आठवड्याभरापूर्वीचा, बनियनवर ओट्यावर बसलेले. मजकूर असा: 'पांढरा पायजमा, बाह्यांची बनियन, निळी रबरी चप्पल. हातात निळी प्लास्टिकची कॅन. डावा पाय थोडा ओढतात. नावाने हाक मारली तर वळून बघत नाहीत. मातीतेल कुठं मिळतं असं विचारतात.' तारीख आणि वेळ घातली, दोन नंबर दिले.

तासाभरात पहिला फोन आला. एक ई-रिक्षावाला, "कॅनवाले बाबूजी ना? सकाळी अशोक चौकात पाहिले मी. मातीतेल विचारून राहिले होते, मला वाटलं पेट्रोल संपलं असेल कोणाचं." त्याने आमचा सकाळचा मेसेजही पाहिला होता, फेटेवाल्या माणसाशी त्याचा काही संबंध जुळला नव्हता. माणूस आपल्यासाठी कोण आहे ते आपण लिहितो, आणि रस्त्यावरच्याला तर हातातली कॅन तेवढी दिसते. तुमच्या आजोबांच्या घरात काय कमी आहे ते आत्ता बघून घ्या. पिशवी, छत्री, पासबुक, डबा, काहीही असेल. ती वस्तू मेसेजमध्ये पहिल्या ओळीत यायला हवी, आणि ते कुठल्या कामाला निघाले असतील तेही बहुतेक वेळा तिच्यावरूनच कळतं.

मग पेपर टाकणाऱ्या एका भाऊंचा फोन आला, त्यांनी तुकडोजी पुतळ्याजवळ सव्वापाचला पाहिलं होतं. नंतर कॉटन मार्केटहून भाजी आणणाऱ्या एका मावशींचा. या तीन फोनांवरून आम्हाला रस्ता दिसला, कारण समोरच्या घरातली बारावीतली पोरगी संध्याकाळपासून ओट्यावर वही घेऊन बसली होती. किती वाजता, कुठं, कोणत्या दिशेने, कोणी सांगितलं, बघायला कोण गेलं, काय निघालं, असे रकाने तिने आखले होते. तिच्याआधी आमची वीस पोरं त्याच चार रस्त्यांवर तीनदा फिरली होती आणि नाल्याच्या बाजूला एकही गेलं नव्हतं. तुमच्याकडे चाळीस माणसं आहेत, त्यातलं सगळ्यात शांत डोकं वहीवर बसवा. ते माणूस उठणार नाही, शोधायला जाणार नाही. तिच्या त्या पानावरूनच पोलिसांनी चौकातले कॅमेरे तपासले. 'कालपासून हरवले' एवढ्या माहितीवर शहरभरातले कोणते कॅमेरे बघणार? 'अशोक चौक, सकाळी सहाच्या सुमारास' म्हटलं की बघता येतं. दुकानांचे कॅमेरे मात्र आजच्या आज बघून घ्या, जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

वहीतल्या तिन्ही खुणा जोडल्या तर रेघ उत्तरेकडे जात होती, थेट बेझनबागेकडे. मिलच्या जवळून ते गेले खरे, पण थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडबी चौकाजवळ, जुन्या वस्तीतल्या विहारातल्या एका पोराला ते दिसले. रसवंतीच्या टिनाखाली बाकावर, मांडीवर कॅन धरून बसलेले. रसवंतीवाल्या बाई त्याला म्हणाल्या, "कालपासून इथंच आहेत. रात्री मी घरून सतरंजी आणली. नाव नाही सांगत, म्हटलं कोणीतरी येईलच शोधत." त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन. मेसेज त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचला नसता. मेसेजने दिशा कळली, पण सापडले ते टपरीटपरीवर उतरून विचारणाऱ्या माणसामुळे. मी पोहोचले तेव्हा बाबा मला म्हणाले, "अजून उघडलं नाही." कॅन भरलेली होती. त्या बाईंनीच पाणी भरून दिलं होतं. जवळजवळ दहा किलोमीटर चाललेला माणूस त्या उन्हात वाचला तो तेवढ्यामुळे.

म्हणून तुमची माणसं जोडीजोडीने पाठवा, एक गाडी हळू चालवेल, दुसरा बघेल. पहाटे चार ते सहा रस्त्यावर असणाऱ्यांना गाठा: पेपरवाले, दूधवाले, सफाई कामगार, ऑटो स्टँड, पहिला चहा टाकणारी टपरी. असा विसरण्याचा आजार असलेली माणसं बऱ्याचदा सरळ चालत राहतात आणि भिंत, झुडूप, नाला असं काही आडवं आलं की तिथेच अडकतात. हाका मारल्या तरी बोलत नाहीत. त्यामुळे रिकामे प्लॉट, अर्धवट बांधकामं, नाल्याचा काठ डोळ्यांनी बघावा लागतो, नुसतं ओरडत जाऊन उपयोग नाही. जवळ पाणी ठेवा. सापडले की घोळका करू नका, ओळखीचा एकच चेहरा पुढे जाऊ द्या.

एक गोष्ट मेसेजमधून मुद्दाम वगळा, अंगावरची एखादी खूण. बाबांच्या मनगटावर गोंदलेलं आहे ते आम्ही लपवून ठेवलं होतं. रात्री अकराला एकाचा फोन आला, बाबा आपल्याकडे आहेत, गाडीभाड्याचे पाच हजार टाका म्हणे. माझे हात थरथरत होते, मी पैसे टाकणारच होते. वहीवाल्या पोरीने फोन घेतला आणि विचारलं, "हातावर काय गोंदलंय ते सांगा." फोन कट झाला. 

हरवलेलं लहान मूल असेल तर सगळंच वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार प्रत्येक हरवलेल्या मुलाबाबत गुन्हा नोंदवावाच लागतो, तिथे नुसत्या नोंदीवर समाधान मानू नका. मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ लाही कळवा.

आणि दिवस लोटले तरी शोध बंद करू नका. पोलिसांना आणि समाजकल्याण खात्याला विचारून निवारागृहं, आश्रम, मनोरुग्णालय पालथं घाला. नागपूर स्टेशनवर २०१६ साली एक मुलगा सापडला होता, त्याला ऐकू-बोलता येत नव्हतं. २०२२ मध्ये आधारसाठी बोटांचे ठसे घेतले तेव्हा तो बिहारचा निघाला आणि सहा वर्षांनी आईकडे गेला. २०२० मध्ये तर मध्य प्रदेशातल्या दमोहकडून एक आजी चाळीस वर्षांनी नागपुरात नातवाकडे आली. ज्यांनी तिला इतकी वर्षं सांभाळलं त्यांच्याशी बोलताना तिच्या तोंडून एका गावाचं नाव निघालं होतं, तेवढ्यावरून.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचा मुलगा पाच वर्षांपासून हरवलेला आहे. बाबांची वही आम्ही टाकली नाही, तिच्या मागच्या पानांवर आता त्याचे रकाने आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही चौघी कुठल्या ना कुठल्या निवाऱ्यात जाऊन येतो. मागच्या वेळी मावशी वर्ध्यापर्यंत आल्या, पिशवीत त्याच्या मापाचा धुतलेला शर्ट घेऊन.

तुमच्या आजोबांनी घरातून काय नेलं ते कळलं की मला लिहा. बेझनबाग, इंदोरा, जरीपटका या बाजूला विचारायला आमची पोरं आजच निघतील.