बोट कुणाचं?

बाळ,

तुझी संहिता काल रात्री दोनदा वाचली, सोबतचं पत्र त्याहून जास्त वेळा. तुझ्या सरांना ती स्त्रीवादी वाटली, मैत्रिणीला बायकांची बदनामी वाटली, आणि तू मधल्यामध्ये अडकलीस. शेवट बदलू का, असं विचारतेस. शेवटाचं सोड. तुझी चेटकीण सूड घेते की जळून मरते, याने फारसं काही ठरत नाही. तिला चेटकीण पहिल्यांदा म्हणालं कोण, हे तुझ्या चाळीस पानांत कुठेही नाही. ‘गाव म्हणू लागलं,’ असं लिहिलंयस. गाव आपणहून काही म्हणत नसतं गं. आधी एकजण बोट दाखवून म्हणतो, आणि त्याला त्यातून काहीतरी मिळवायचं असतं. ते बोट कुणाचं, ते आधी दाखव.

रॉबर्ट एगर्सचा २०१५चा ‘द विच’ तू पाहिलायस, ते कळतंच. मुलगी हसत हसत हवेत वर जाते, तो शेवट तुझ्या डोक्यातून गेलेला नाही. सगळ्यांचं तेच होतं. मला मात्र त्यातला चांदीचा पेला आठवतो. सतराव्या शतकातलं न्यू इंग्लंड, वस्तीतून बाहेर काढलेलं कुटुंब, रानाच्या कडेला एकटं घर. बापाने बायकोचा पेला गुपचूप विकलाय. आई त्याच मुलीवर, थॉमसिनवर, आळ घेते. बाप तिथेच आहे, त्याला सगळं माहीत आहे, आणि तो पोरीला बोलणी खाऊ देतो. त्या प्रसंगात जादू नाही, रक्त नाही, चित्रपटातला तो काळा बोकडही नाही. पण या मुलीच्या माथी काहीही मारलं तरी खपतं, हे त्या घराला तिथे कळतं. मला घाम फुटतो तो तिथे.

कार्ल ड्रायरने १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये ‘डे ऑफ रॅथ’ केला. त्यातला म्हातारा पाद्री एका बाईवरचा चेटकाचा आरोप दाबून टाकतो, कारण तिची तरुण मुलगी त्याला बायको म्हणून हवी असते. दुसरी एक म्हातारी गयावया करते, तिला तो जळू देतो. चेटकीण कोण ठरणार, ते त्याच्या गरजेवर. समजतंय ना?

आणि ‘बुलबुल’. अन्विता दत्त यांचा, २०२०चा. हडळीचे पाय उलटे असतात, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. ते उलटे का, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. या चित्रपटात बुलबुलचा नवरा लोखंडी सळईने तिचे पाय फोडतो, आणि पुढे लोकांना दिसतात ते हेच पाय. अगदी सुरुवातीला, लग्नाच्या दिवशी, ती छोटी मुलगी विचारते की जोडवी कशाला घालायची. उत्तर मिळतं, तिथली शीर दाबली नाही तर मुली उडून जातात. जोडव्यांपासून सळईपर्यंत, बंदोबस्त पायांचाच. बोट कुणाचं, हात कुणाचा, हे दाखवायचं ते असं.

एवढ्या तावातावाने का सांगतेय, तेही ऐक. संकलनात नवी होते तेव्हा एका भयपटाचं काम मिळालं. नायिका विधवा. एका प्रसंगात दीर तिच्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन एकेक किल्ली मोजतो, सावकाश, मग बाहेर जमलेल्या लोकांत जाऊन हलक्या आवाजात म्हणतो, ‘वहिनी रात्रीच्या कुठे जातात कोण जाणे.’ बेचाळीस सेकंद. निर्माता म्हणाला, गती पडतेय. मी कापलं. पडद्यावर उरले मोकळे केस आणि किंकाळ्या. चित्रपट चालला. तिला जाळतात तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या, आणि मी मागच्या रांगेत बसले होते. त्या लोकांना काय बोलू? दीर त्यांना मी दिसूच दिला नव्हता.

निर्मात्याने जबरदस्ती केली, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. खरं तर तो एकदाच म्हणाला होता. मला पुढचं काम हवं होतं. त्या खोलीत मी एकटीच बाई होते, भांडले असते तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी तो तुकडा कापला असता, हेही तितकंच खरं आहे. अजूनही तसंच वाटतं. पण कापला मी. त्यानंतर असली कामं आली की एकच विचारते, बोट कुणाचं? उत्तर नसेल तर काम घेत नाही. हेकट म्हणतात मला. म्हणू देत.

आता तुझ्या अकराव्या पानावर ये. तिथे एक काका आहे. मयताच्या घरी बसून तो विचारतो की विहिरीचा हक्क आता कुणाकडे जाणार. दोन ओळी बोलतो आणि गायब होतो. पोरी, तू हे स्वतः लिहिलंस आणि तुलाच दिसलं नाही? एवढी हुशार तू, मग घाई कसली झाली होती? तोच तुझा माणूस. त्याला पहिल्या पाच पानांत आण. त्याला खलनायकासारखा हसवू नकोस, तो भला माणूस वाटू दे, तिची काळजी करणारा. शेवटाला हात लावू नकोस, आणि मैत्रिणीला एवढ्यात काही उत्तर देऊ नकोस.

नवी पानं रविवारपर्यंत पाठव. हाताने लिहिलेली चालतील.

तुझी,
मावशी