वृद्धाश्रम बघायला रात्री जा
ताई, आईंसाठी जागा बघताय तर नुसत्या ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका, न कळवता रात्री आठनंतर एक चक्कर मारा, दिवसा सगळीकडेच माणसं असतात हो, खरी बोंब रात्रपाळीला असते. किती जणांमागे एक मावशी आहे ते विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर 2 तासांनी बदलावी लागते नाहीतर माकडहाडापाशी बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून जखमा, होतात, माझ्या सासूबाईंना झाले होते आणि आम्हाला कळलं ते चादरीवरच्या डागावरून, अजून जीव तुटतो. पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा ठेवलाय का बघा, बेल वाजवून बघा कोण किती वेळात येतं. डिपॉझिटचं सगळं लेखी घ्या. काही वावगं दिसलं तर 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, बिनधास्त फोन लावा.