सिंहगड पाऊण तासात होतो, मग जुलैत नळीची वाट जमेल का?

प्रश्न : ताई, मी दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो, पाऊण तासात वर असतो. ऑफिसचा ग्रुप जुलैत नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडला चाललाय, मीडियम ट्रेक आहे म्हणतायत. जाऊ का? आणि ९ वर्षांच्या मुलाला कुठं नेऊ?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको रे, जुलैत अजिबात नको. तुझा दम चांगलाय, पण नळीची वाट दमाची नाहीये. बेलपाड्यातून, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूच्या घळीतून मोठमोठ्या धोंड्यांवरून चढायचं, मध्ये हातापायांनी चढायचा कातळाचा टप्पा, म्हणजे रॉकपॅच, आणि पावसात त्याच घळीतून पाणी उतरतं, त्याच्यासोबत दगडही येतात, तेव्हा बाजूला व्हायला जागाच नसते. ती वाट डिसेंबर-जानेवारीत कर, चढाईचा रोप म्हणजे दोर, आणि वाट माहीत असलेली माणसं बरोबर घेऊन. जुलैत हरिश्चंद्रगडच हवा असेल तर पाचनईतून जा, तिकडून चढ सोपा आहे.

उंचीवरून तर ट्रेक ठरवूच नका कुणी. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच, पण बारी गावातून मळलेली वाट आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. लिंगाण्याचा सुळका तिच्यापेक्षा कितीतरी बुटका, तरी रोपशिवाय तिथं जायचं नाही. एकाच राजगडाचं बघ ना, पालीतून पायऱ्यांची वाट, आणि गुंजवण्यातून चोर दरवाज्याला शेवटी खडा कातळ, रेलिंग धरून चढायचा. म्हणून गडाचं नाव सांगून सोपा का अवघड विचारू नकोस, कुठल्या वाटेनं आणि कुठल्या महिन्यात ते आधी सांग.

आपल्या भागातला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, पावसात त्यावर शेवाळ धरलं की सपाट कातळावरही पाय टिकत नाही, त्यामुळे ढाक बहिरीसारख्या कड्यातल्या जागा तेव्हा सोडूनच द्यायच्या. सप्टेंबरात गवत आणि कारवी एवढी वाढते की वाट दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मला सगळ्यात आवडतात, तोरण्यासारखी लांब चढाई तेव्हाच करावी. मार्चनंतर मुरूम सुटा होतो, वाळलेलं गवत निसरडं होतं, तोरणा उतरताना मी अशीच मुरमावर घसरलेय, चढताना त्याच जागेचं काहीच वाटलं नव्हतं. तेव्हापासून वाट निवडताना मी उतार आधी विचारते. उन्हाळ्यात गडावरची पाण्याची टाकी आटतात, माणशी ३ लिटर पाणी खालूनच न्यायचं आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं.

मुलाला लोहगडला ने. लोकलनं मळवलीला उतरा, भाजे गावावरून लोहगडवाडी गाठा, तिथून वरपर्यंत पायऱ्याच आहेत. फक्त पावसाळ्यातला रविवार टाळ, पायऱ्यांवर एवढी गर्दी होते की पोरांचा हात सुटतो. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या चिंचोळ्या माचीवर, जाताना मात्र त्याला पुढं पळू देऊ नकोस, आणि वर धुकं असेल तर तिकडे जाऊच नका.