‘दुखावल्या’ या शब्दापाशी थांब

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, स्क्रीनशॉट मोठा करून दोनदा पाहिला. ग्रामदैवताच्या यात्रेतला दुग्धाभिषेकाचा फोटो, आणि खाली कॉलेजातल्या पोराने लिहिलेल्या तीन ओळी. दूध मोरीतून ओढ्याला चाललंय, तेवढं अंगणवाडीला द्या, असं म्हटलंय. शेवटी पुजाऱ्याला उद्देशून एक शिवराळ शब्द. तुझ्या ऑफिसात वीसेक माणसं येऊन बसली. ठाण्यातून त्यांना ‘वकिलाकडून नीट लिहून आणा’ असं सांगितलंय. आणि तुझा प्रश्न एवढाच, की भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये बसेल असा मसुदा कसा करायचा.

मसुद्याचं नंतर बोलू. आधी कलम उघड आणि पहिल्या शब्दापासून वाच. त्याची सुरुवातच हेतूपासून होते: बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने, नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावनांवर आघात करण्यासाठी. दोन्ही विशेषणं हवीत. कोणाला किती वाईट वाटलं, हे कलम विचारतच नाही. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं, हे विचारतं. तुझ्या पक्षकारांनी आणलेल्या कागदावर ‘भावना दुखावल्या’ हे शब्द पाच वेळा आलेत, हेतूबद्दल एक वाक्य नाही.

हे कलम जन्माला आलं ते लाहोरमुळे. पैगंबरांवर विटंबनात्मक पुस्तिका काढली म्हणून राजपाल या प्रकाशकावर जुन्या दंडसंहितेच्या १५३-अ खाली खटला झाला. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली, पण १९२७ मध्ये हायकोर्टाचे न्या. दलीप सिंग यांनी त्याला सोडलं. दोन समाजांत वैर पसरवणं हा तो गुन्हा, आणि दिवंगत धर्मपुरुषावरची टीका त्यात बसत नाही, असं त्यांचं वाचन होतं. पंजाब पेटला. त्याच वर्षी केंद्रीय कायदेमंडळाने २९५-अ आणलं, आजच्या २९९ चं मूळ. पुढे १९२९ मध्ये राजपालचा त्याच्या दुकानातच खून झाला, मारणारा इल्मुद्दीन फासावर गेला. दोन माणसांचे जीव गेले, हे कलमाकडे बघताना विसरू नकोस. ते कोणाच्या लहरीतून आलेलं नाही.

पण कायदेमंडळातली चर्चाही लक्षात ठेव. विधेयक तपासणाऱ्या प्रवर समितीत जीनाही होते. इतिहासाचा अभ्यास करणारे, प्रामाणिकपणे धर्मचिकित्सा करणारे यात भरडले जाऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता. ‘दुष्ट हेतू’ हे शब्द त्याच काळजीपोटी आले. तीस वर्षांनी, १९५७ मध्ये, रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी कलम घटनेत बसतं असं ठरवलं, तेही याच आधारावर. नकळत, निष्काळजीपणे झालेला अपमान यात येत नाही. फक्त जाणूनबुजून, दुष्टपणे केलेला, अपमानाचा तीव्र प्रकारच येतो. हा निकाल मुळातून वाच. छोटा आहे.

आता १९२७ चंच दुसरं टोक बघ. कायदा झाला त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली गेली. किती लोकांना ते झोंबलं असेल! त्या दुःखाला मी खोटं म्हणणार नाही. पण ज्यांना चवदार तळ्याचं पाणी शिवू दिलं जात नव्हतं, त्यांनी कोणाच्या श्रद्धेची टिंगल करायला ती होळी पेटवली नव्हती. माणूस म्हणून जगू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. आपल्या मातीत असं बोलणाऱ्यांची रांग लांब आहे. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. दुखावणं हाच गुन्हा ठरवलास, तर ही सगळी माणसं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहतात. म्हणून हेतूचे शब्द मला कलमाच्या पाठीच्या कण्यासारखे वाटतात.

तो कणा काढला की काय होतं, हे शेजारी दिसतं. पाकिस्तानची दंडसंहिता आपल्याच मुळाची. २९५-अ त्यांच्याकडेही आहे. १९८६ मध्ये त्यांनी २९५-क घातलं, पैगंबरांच्या अवमानाला फाशीपर्यंतच्या शिक्षेचं, आणि त्यात हेतूचा शब्दच ठेवला नाही. शेतात पाण्यावरून झालेल्या भांडणातून आसिया बीबी २००९ मध्ये तुरुंगात गेली. २०१० मध्ये तिला फाशी सुनावली गेली. २०१८ मध्ये ती निर्दोष सुटली. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर २०११ मध्ये स्वतःच्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांना बळी पडले.

आपल्याकडेही हे कलम किती सहज लागतं, ते तुझ्या पिढीनेच पाहिलंय. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींवर, बाळासाहेब ठाकरे गेल्यावर झालेल्या बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टसाठी, आधी २९५-अ लावलं गेलं. एकीने लिहिलं होतं, दुसरीने लाइक केलं होतं. त्या पोस्टमध्ये धर्माचा उल्लेखही नव्हता.

आता माझं सांगते. तुला आजवर सांगितलं नाही, कारण जीभ उचलत नव्हती. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी अशीच माणसं माझ्याकडे आली होती. मी तक्रार लिहून दिली. कलमाला लागतो म्हणून ‘जाणूनबुजून व दुष्ट हेतूने’ हा मजकूर मी माझ्या मनाने घातला. तसं कोणी सांगितलं नव्हतं, मीही कोणाला विचारलं नव्हतं. गुन्हा अजामीनपात्र. पोरगा उचलला गेला, चार रात्री आत राहिला. पाचव्या दिवशी त्याची आई कोर्टाच्या जिन्यात भेटली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं हॉल तिकीट होतं. पेपर आदल्या दिवशी झाला होता. मी दुसऱ्या बाजूची वकील, हे तिला माहीतच नव्हतं. तिने मला विचारलं, ‘बाई, पुन्हा बसता येईल का हो त्याला?’ खटला नऊ वर्षं चालला आणि शासनाची मंजुरीच घेतलेली नाही म्हणून संपला. तेव्हापासून ते चार शब्द मी कधीही दुसऱ्याच्या तोंडात घातलेले नाहीत.

मंजुरीचं तूही ध्यानात घे, कारण घाईतली माणसं हेच चुकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम २१७ प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्ट या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. अटकेला मात्र मंजुरी लागत नाही. म्हणजे कोठडी आधी आणि सरकारने विचार करायचा तो नंतर. त्या मधल्या फटीत माणसं चिरडली जातात. आता थोडा आधार आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असल्यामुळे त्याच संहितेचं कलम १७३(३) लागू होतं. गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ मध्ये कवी इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बोलण्या-लिहिण्याच्या अशा गुन्ह्यांत हाच मार्ग धरणं योग्य, असं सांगितलं. पोलिसांना अर्ज देणारच असशील तर चौकशीची मागणी तूच त्यात लिही. तक्रारदाराच्या वकिलाने ती मागितली तर ठाण्यातही वजन पडतं.

त्याच निकालात नागपूरचा एक जुना धागा सापडेल. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर हायकोर्टाचे न्या. व्हिवियन बोस यांनी म्हटलं होतं, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसाच्या मापाने मोजायचा. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने मोजायचा नाही. ते माप आजही चालतं. धोनीला विष्णूच्या रूपात छापलेल्या मुखपृष्ठावरून त्याच्यावर खटला भरला होता. तो २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला तो हेतू दिसत नाही म्हणूनच.

मग त्या वीस माणसांना काय सांगायचं? आधी त्यांना चहा दे आणि बोलू दे. त्यांच्या श्रद्धेला हसू नकोस, मनातही नको. आजीच्या नवसाला पावलेला देव आहे तो त्यांचा. पुजाऱ्याबद्दलचा तो शब्द मलाही घाणेरडा वाटला, आणि त्याबद्दल माफी मागायला लावणं रास्तच आहे. पण अंगणवाडीच्या दुधाच्या ओळीत मला दुष्टपणा दिसत नाही. त्या पोराने याआधी काय लिहिलंय, कोणाला पाठवलंय, मूळ पोस्ट पूर्ण आहे की कापलेली, हे त्यांना विचार. स्क्रीनशॉट कोणाच्या मोबाइलवरचा, हे कोणाला सांगता आलं नाही तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र कोण देणार?

आणि ठरवून, पुन्हा पुन्हा, एखाद्या समाजाला चिथवायला केलेली विटंबना समोर आली, तर तेव्हा कच खाऊ नकोस. वस्तीतल्या दर्ग्यावर किंवा बुद्धविहाराच्या भिंतीवर रातोरात घाण फासणारे मी पाहिलेत. तिथे हेतू ओरडून सांगत असतो. अशा फिर्यादीत कलम २९९ लावायला माझा हात कधी अडखळला नाही.

तू म्हणतेस तो पोरगा गावातलाच आहे, त्याचे वडील सोसायटीत दूध घालतात. उद्या दुपारी त्यांना बोलावून घे, मंडळाचे दोघे-तिघे मोठे आणि पुजारीही असू देत. वीसही जण नकोत. शब्द मागे घ्यायला त्याला सांग, आणि दुधाचा प्रश्न यात्रा कमिटीच्या बैठकीत मांडायला सांग. नाहीच जमलं तर मसुदा कर, पण सही घेण्याआधी मला पाठव. परवा मी कोर्टात नाही, दिवसभर घरीच आहे.

तुझी,
मॅडम