‘डेटा फ्यूजन’ला विलीनीकरण म्हणावं का?

विचारलंय असं की वेगवेगळ्या सेन्सरची माहिती एकत्र आणून कॉम्प्युटरकडून वर्गीकरण करून घेतात, त्या डेटा फ्यूजनला ‘माहितीचं विलीनीकरण’ म्हटलं तर चालेल का. माझं मत स्पष्ट आहे, नको. दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं की एकीचं वेगळं अस्तित्व संपतं, आणि इथे तर सगळा फायदा दोन्ही माहिती वेगळ्या असण्यातच आहे.

उपग्रहाच्या चित्रांवरून पुराचं पाणी शोधायचंय असं धरा. सेंटिनेल-१ हा २०१४ साली सोडलेला रडारवाला उपग्रह, त्याला ढग आड येत नाहीत की रात्र आड येत नाही. संथ पाण्यावर पडलेला रडारचा सिग्नल पुढच्या पुढे निघून जातो, उपग्रहाकडे फारसं काही परत येत नाही म्हणून पाणी काळं दिसतं, पण विमानतळाची गुळगुळीत धावपट्टीही तशीच काळी दिसते ना, आणि कोरडी सपाट वाळूसुद्धा. २०१५ चा सेंटिनेल-२ सूर्यप्रकाशात १३ बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या १३ वेगवेगळ्या पट्ट्यांत चित्र घेतो, त्यातल्या निअर इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या पट्ट्यात पाणी उजेड शोषून घेतं आणि वाळू उजळ दिसते, त्यामुळे हा गोंधळ सुटतो. मात्र ढग आले की त्याला खालचं काही दिसत नाही आणि ढगाची सावली पाणी म्हणून खपून जाते. म्हणजे चुकतात दोघंही, पण वेगवेगळ्या जागी! दोन्ही एकाच जागी चुकत असते तर एकत्र आणून काडीचा उपयोग नव्हता.

म्हणून मला ‘सांगड घालणं’ सगळ्यात चपखल वाटतं. सांगड म्हणजे मुळात पाणी ओलांडायला दोन होड्या किंवा भोपळे एकमेकांना बांधून केलेलं तरंगतं साधन, त्यात दोन्ही आपापल्या जागी शाबूत राहतात आणि तरी काम एकच करतात. ‘रडार आणि प्रकाशीय चित्रांची सांगड घालून पूरक्षेत्र ओळखलं’ हे वाक्य कोणालाही कळेल. फ्यूजनसाठीचे संलयन, संमीलन हे शब्द वाचले की डोक्यात एकमेकांत मिसळणारी अणुकेंद्रंच येतात, ते तिकडेच राहू द्यात.

एक अपवाद आहे. लँडसॅट-८ चं १५ मीटरचं कृष्णधवल चित्र आणि ३० मीटरचं रंगीत चित्र घेऊन एकच नवीन, रंगीत आणि जास्त बारकावे असलेलं चित्र बनवतात, ज्याला पॅनशार्पनिंग म्हणतात, तिथे ‘एकजीव करणं’ शोभतं. आणि वर्गीकरण करणाऱ्या दोन कॉम्प्युटर मॉडेलनी स्वतंत्रपणे उत्तरं काढली नि मग शेवटी एक निर्णय घेतला, त्याला ‘निकालांचा मेळ घालणं’ म्हणा.

‘जुळवणी’ हा शब्द मात्र फ्यूजनसाठी खर्च करू नका प्लीज. दोन चित्रांतला तोच पिक्सेल जमिनीवरच्या त्याच जागेवर आणून बसवायचा, हे काम सांगड घालण्याच्या आधीचं असतं, ते दोन-तीन पिक्सेलनी जरी सरकलं तरी नदीकाठचा रस्ता पाण्यात गेलेला दिसतो, आणि त्या कामाला जुळवणीशिवाय दुसरा चांगला शब्द आपल्याकडे नाही.