व्हॅरिअ‍ॅकचा शोध कोणी लावला? त्या इंजिनिअरचं आणखी काय काम आहे?

एदुआर्ड कार्प्लुस. मूळचे व्हिएन्नाचे, अमेरिकेत येऊन मॅसॅच्युसेट्समधल्या जनरल रेडिओ कंपनीत रमले.

व्हॅरिअ‍ॅक 1933 सालचा: नॉब फिरवून एसी व्होल्टेज हवं तेवढं कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर. गोल गाभ्यावर एकच वाइंडिंग, वरचं इनॅमल घासून उघडी केलेली तार आणि तिच्यावर फिरणारा कार्बन ब्रश. ब्रश एका वेढ्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर दोन्हींना टेकतो, म्हणजे तो वेढा शॉर्ट होतो. तिथे तांब्याचा ब्रश असता तर तार जळाली असती. कार्बनचा रोध तो करंट आवरतो. वापरणारे दोन गोष्टींत हमखास फसतात. एक, यात आयसोलेशन (आउटपुट इनपुटपासून विजेने वेगळं असणं) नसतं, त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लावावाच लागतो. दुसरं, मर्यादा करंटची असते, वॅटची नाही. 5 अँपिअरचा व्हॅरिअ‍ॅक 23 व्होल्टवर फक्त 115 व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) देतो. जास्त ओढलंत तर इनपुटचा फ्यूज शाबूत राहतो आणि ब्रशखालची तार काळी पडते.

माझ्या मते त्यांचं खरं डोकं दिसतं ते बटरफ्लाय सर्किटमध्ये, म्हणजे उच्च फ्रिक्वेन्सीच्या ट्यूनिंग सर्किटमध्ये. नुसता कपॅसिटन्स चौपट बदलला तर फ्रिक्वेन्सी दुप्पटच बदलते. यात रोटर (फिरणारा भाग) फिरवला की इंडक्टन्सही सोबत बदलतो, म्हणून दोन्ही चौपट बदलले तर फ्रिक्वेन्सीही चौपट. शिवाय सरकता कॉन्टॅक्ट नाही, त्यामुळे ट्यूनिंग करताना खरखर नाही.

जनरल रेडिओच्या जुन्या उपकरणांवरचा, केबल जोडायचा 874 कनेक्टरही त्यांच्याच कामातला: 50 ओहमचा, नर-मादी भेद नसलेला, कुठलेही दोन एकमेकांत बसतात.